डिसॅबिलिटी पेन्शन मंजूर झाली, पण थकबाकी नेमकी कोणत्या तारखेपासून?

माणदेशी

मंडळी, पेन्शन मिळते की नाही यावर इथे भरपूर धागे आहेत. मला फक्त तारखेबद्दल विचारायचं आहे.

उदाहरण असं धरा. लष्करातला एक हवालदार ३१ मे २०१२ ला सेवा पूर्ण करून घरी आला. रिलीज मेडिकल बोर्डाने रक्तदाब लिहिला, ३० टक्के, कायमचा. पण सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही असा शेरा मारला. नोव्हेंबर २०१२ ला नकाराचं पत्र आलं आणि ट्रंकेत गेलं. मार्च २०२३ मध्ये कुणीतरी सांगितलं म्हणून पहिलं अपील पाठवलं. उत्तर नाही. जानेवारी २०२४ मध्ये मुंबईच्या एएफटीत (सशस्त्र दल न्यायाधिकरणात) अर्ज केला. ऑगस्ट २०२५ मध्ये निकाल बाजूने लागला: ३० टक्के मान्य, ब्रॉडबँडिंग करून (टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेऊन) ५० टक्के.

आता थकबाकी १ जून २०१२ पासून, मार्च २०२० पासून, जानेवारी २०२१ पासून, की निकालाच्या तारखेपासून? पारावर चार जण चार तारखा सांगतात. आणि आधीची तारीख पदरात पडावी म्हणून काय करायला हवं होतं?

---

कायदाबोले

बहुधा जानेवारी २०२१.

याचं मूळ भारत सरकार विरुद्ध तरसेम सिंग या १३ ऑगस्ट २००८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. तरसेम सिंग १९८३ मध्ये मेडिकलवर (म्हणजे वैद्यकीय कारणाने सेवेतून काढल्यामुळे) घरी आले आणि १९९९ मध्ये उच्च न्यायालयात गेले. एकल न्यायाधीशांनी अर्जाच्या मागची ३८ महिन्यांची थकबाकी दिली, खंडपीठाने सगळ्या सोळा वर्षांची दिली. सर्वोच्च न्यायालयाने ती अर्ज दाखल केल्याच्या तारखेच्या मागे तीन वर्षांपर्यंत आणून ठेवली.

त्यामागचा विचार असा. पेन्शन दर महिन्याला द्यायची असते, म्हणजे ती न देण्याची चूक दर महिन्याला नव्याने घडते. त्यामुळे उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. पण मागच्या पैशाला मुदतीचा कायदा लागतो आणि ती मुदत तीन वर्षं.

मोजणी न्यायाधिकरणात अर्ज दाखल झाला त्या दिवसापासून मागे. अपील पाठवल्याच्या दिवसापासून नाही, निकालाच्या दिवसापासूनही नाही. मार्च २०२० सांगणारे अपिलाची तारीख धरतात. बहुतेकांची गल्लत तिथेच होते.

---

चहाबिस्किट

घरात नाना म्हणजे वडीलधारे, सगळे त्यांच्या पाया पडतात. बोर्डाच्या कागदावर एन-ए-एन-ए (सेवेमुळे झालेला नाही, वाढलेलाही नाही) असा नाना आला की पेन्शनच पाया पडून निघून जाते.

---

हवालदार_क्लार्क

कायदाबोले यांच्या उत्तराला आकडे जोडतो, म्हणजे उशिराची किंमत कळेल.

१ जानेवारी २००६ पासून १०० टक्के अपंगत्वाला डिसॅबिलिटी एलिमेंट (पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग) गणनेच्या वेतनाच्या ३० टक्के आहे, त्याखाली त्याच प्रमाणात. समजा गणनेचं वेतन ₹४०,००० आहे. १०० टक्क्यांना ₹१२,०००, ३० टक्क्यांना ₹३,६००, आणि ब्रॉडबँडिंगने ५० झाले की ₹६,०००. त्यावर महागाई भत्ता वेगळा.

तीन वर्षांची ही खिडकी एका जागी थांबत नाही, दाखल तारखेबरोबर पुढे सरकते. अर्ज एक महिना उशिरा दाखल झाला की मागच्या टोकाचा एक महिना गळतो, म्हणजे ₹६,००० आणि त्यावरचा भत्ता गेला. माणदेशींच्या हवालदाराने मार्च २०२३ ते जानेवारी २०२४ असे दहा महिने घालवले. ₹६०,००० तिथेच गेले. त्याआधीची दहा वर्षं तर सोडाच.

उलट दाखल झाल्यानंतर निकालाला दीड वर्ष लागो की चार, तो काळ वाया जात नाही, तो थकबाकीत जमा होतो. म्हणून निकाल लवकर लागण्याची घाई करण्यापेक्षा अर्ज लवकर दाखल करण्याची घाई करा.

---

रानवारा

मग अपिलाच्या भानगडीत पडूच नये. नकाराचं पत्र हातात आलं की सरळ एएफटी.

---

कायदाबोले

@रानवारा, इतकं सरळ नाही. एएफटी कायदा २००७ चं कलम २१ सांगतं की उपलब्ध उपाय वापरल्याशिवाय न्यायाधिकरण अर्ज सहसा दाखल करून घेणार नाही. मात्र अपील किंवा निवेदन देऊन सहा महिने झाले आणि निर्णय नाही, तर उपाय वापरला असंच धरलं जातं. पुढचे सहा महिने कलम २२ ची मुदत.

म्हणजे व्यवहारात वेळापत्रक असं: नकार आला की त्याच महिन्यात पहिलं अपील. ते नकाराच्या पत्रापासून सहा महिन्यांत करायचं असतं. पोच मिळाल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि सहा महिन्यांनंतरच्या पानावर खूण करा. त्या दिवसापर्यंत उत्तर नसेल तर दुसऱ्या दिवशी अर्ज. दुसरं अपील, स्मरणपत्र, मंत्र्यांना पत्र, या वाटेने जाऊन वाट पाहत बसू नका.

आणि एक सापळा. वारंवार निवेदनं देऊन मुदत नव्याने सुरू होत नाही. सी. जेकब प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. दहा वर्षं जुन्या नकारावर आज निवेदन दिलं आणि कार्यालयाने त्याला उत्तर दिलं, तरी ते उत्तर म्हणजे नवीन नकार होत नाही.

---

रानवारा

मान्य. पण 'सहसा' हा शब्द तुम्हीच लिहिलात. माझं म्हणणं एवढंच की नकार २०१२ चा असेल तर २०२३ मध्ये नव्याने पहिलं अपील करून आणखी सहा महिने घालवणं म्हणजे आधीच फाटलेल्या खिशाला आणखी भोक पाडणं.

---

कायदाबोले

तेवढ्यापुरतं पटलं. जुन्या नकाराच्या प्रकरणात अर्जासोबत विलंब माफीचा स्वतंत्र अर्ज जोडतात, कलम २२ मध्ये त्याची सोय आहे. पेन्शनच्या बाबतीत विलंब बऱ्याचदा माफ होतो, कारण शिक्षा तशीही थकबाकीत भोगावी लागते. तरीही मी एक छोटं निवेदन आधी पाठवायला सांगतो, नाहीतर पहिल्याच तारखेला समोरून कलम २१ चा आक्षेप येतो. निवेदन पाठवून त्या सहा महिन्यांत कागद गोळा करावेत. नुसतं बसून राहू नये.

---

फौजीची_लेक

कागदांबद्दल लिहिते, कारण उशीर बहुधा इथेच होतो.

लागतात ते: बोर्डाची पूर्ण कार्यवाही, म्हणजे एएफएमएसएफ-१६, सगळी पानं, नकाराचं पत्र, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), डिस्चार्ज बुक, मेडिकल कॅटेगरी पहिल्यांदा खाली आली तेव्हाचे कागद, आणि दुखापत असेल तर इंज्युरी रिपोर्ट, आयएएफवाय-२००६, सोबत कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली असल्यास तिची प्रत.

बोर्डाच्या कागदावर फक्त टक्केवारी पाहू नका. पहिल्या भागात पोस्टिंगची यादी असते, फील्ड (सीमेवरची, मोहिमेची) की पीस (शांत ठिकाणची), कुठून कुठपर्यंत. आजार सुरू झाल्याची तारीख त्या यादीवर ठेवून पाहा. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नव्हती आणि बोर्डाने नकाराचं कारण एका ओळीत उरकलं असेल, तर धरमवीर सिंग, २ जुलै २०१३, हा निकाल थेट लागू पडतो: भरतीला धडधाकट होता असं गृहीत, आणि आजार सेवेमुळे नाही हे सिद्ध करायचा भार सरकारवर.

प्रत नसेल तर माहिती अधिकार. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, अर्ज थेट आपल्या रेकॉर्ड ऑफिसच्या माहिती अधिकाऱ्याला: मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगाव, तोफखान्याचं नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्सचं खडकी, महार रेजिमेंटचं सागर. दिल्लीला पाठवलात तर तो वर्ग होत होत येतो. आर्मी नंबर, पद, सेवानिवृत्तीची तारीख आणि बोर्ड कुठल्या हॉस्पिटलला झाला हे लिहा. 'माझी सर्व कागदपत्रे द्यावीत' असं लिहू नका; कागदाचं नाव घेऊन मागा.

आणखी एक. पेन्शन न मिळालेल्यांची सेवा कागदपत्रं ठराविक मुदतीनंतर नष्ट केली जातात. '२५ वर्षांची मुदत संपली, कागद नष्ट' हे उत्तर न्यायाधिकरणात नेहमी येतं. लवकर सेवेतून घरी पाठवलेल्यांना हा धोका सर्वात जास्त. तारीख राहू द्या, पुरावाच जातो.

---

कोल्हापुरी_दणका

ताई, यजमान वारले असतील तर?

---

फौजीची_लेक

दादा, पत्नीला मृत्यूच्या तारखेपर्यंतची थकबाकी मागता येते. चालू अर्जात वारस म्हणून नाव लावायचं, किंवा स्वतः नवीन अर्ज करायचा. तीन वर्षांची मोजणी इथे जास्त बोचते. समजा मृत्यू फेब्रुवारी २०२० चा आणि अर्ज जून २०२३ चा. तीन वर्षांची खिडकी जून २०२० पासून उघडते, म्हणजे त्यात डिसॅबिलिटी एलिमेंटचा एकही महिना येत नाही.

पण तो आजारच मृत्यूचं कारण असेल आणि सेवेशी जोडलेला ठरला, तर प्रश्न स्पेशल फॅमिली पेन्शनचा होतो: साध्या ३० टक्क्यांऐवजी ६० टक्के, आणि ती पुढे चालू राहते. अर्जात दोन्ही मागण्या वेगवेगळ्या लिहा. माहिती अधिकारात पत्नीने अर्ज करताना मृत्यू दाखला आणि पीपीओची प्रत जोडावी, म्हणजे 'त्रयस्थ व्यक्ती' म्हणून परत येत नाही.

---

टेक्सासकर

तुलनेसाठी अमेरिकेतली पद्धत. इथे तारखेलाच वेगळा कायदा आहे. 'दावा करायचा आहे' एवढं कळवणारा एक छोटा फॉर्म भरला की ती तारीख एक वर्ष राखून ठेवली जाते. त्या वर्षात पूर्ण दावा भरला तर पैसे त्या पहिल्या तारखेपासून धरतात. सेवा संपल्यापासून एका वर्षात दावा केला तर सेवा संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. नकार आला आणि वर्षाच्या आत नव्या पुराव्यासह पुन्हा गेलात तरी मूळ तारीख शाबूत. वर्ष उलटलं की तारीख पुढे सरकते. एक वर्ष ही तिथली लक्ष्मणरेषा.

---

चहाबिस्किट

म्हणजे तिकडे गाडीच्या सीटवर रुमाल टाकून जागा धरता येते. आपल्याकडे रुमालही टाकायचा आणि शेजारी उभंही राहायचं.

---

हवालदार_क्लार्क

@टेक्सासकर, उपयुक्त. आपल्याकडे रुमाल म्हणजे स्पीड पोस्टची पावती आणि पोचेचा ट्रॅकिंग प्रिंट. पावतीची शाई वर्षभरात उडते, त्याच दिवशी झेरॉक्स काढा.

---

सातारा_रोड

वर सगळे तीन वर्षांवर थांबलेत. ब्रॉडबँडिंगचा भाग वेगळा काढा.

५० च्या आत असेल तर ५०, ५० ते ७५ असेल तर ७५, ७६ च्या पुढे १००. ही सवलत ३१ जानेवारी २००१ च्या पत्राने आली, अंमल १ जानेवारी १९९६ पासून, पण फक्त मेडिकलवर घरी आलेल्यांना. सेवा पूर्ण करून आलेल्यांना ती नाकारली जायची. १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालाने तो भेद मोडला. आता ज्याची २० किंवा ३० टक्क्यांची पेन्शन आधीपासून सुरू आहे आणि फक्त ब्रॉडबँडिंग राहिलं आहे, त्याचा हक्क मूळ बोर्डानेच मान्य केलेला आहे. त्याला नवा हक्क सिद्ध करायचा नाही, मान्य हक्काचा हिशोब दुरुस्त करून घ्यायचा आहे. त्याच्या थकबाकीला तीन वर्षांची कात्री लावायची का, यावर बरीच प्रकरणं लढली गेली आहेत.

तेव्हा मागणी लिहिताना स्वतःहून तीन वर्षं लिहू नका. बरेच वकील सवयीने 'अर्जापूर्वीच्या तीन वर्षांची थकबाकी द्यावी' असं टाइप करतात. न मागितलेलं न्यायाधिकरण देत नाही. मूळ तारीख मागा: सेवा संपल्याची किंवा १.१.१९९६, जी नंतरची असेल ती. कात्री लावायची तर त्यांना लावू द्या.

---

कायदाबोले

+१. आणि हे राहिलं होतं: तीन वर्षांच्या पलीकडे जाण्याचे आधार कोणते?

एक, सेवा संपल्यापासून तीन वर्षांच्या आत अर्ज दाखल असेल तर प्रश्नच नाही, पूर्ण थकबाकी.

दोन, अपील वेळेत केलं आणि ते कार्यालयात पडून राहिलं. इथे 'उशीर माझा नाही' हे कागदावर दाखवता आलं पाहिजे: पोच, स्मरणपत्रं, माहिती अधिकारात आलेलं 'अपील विचाराधीन' हे उत्तर. या उत्तराची किंमत फार मोठी असते, कारण ते त्यांच्याच सहीचं असतं. खात्री नाही, पण मागायला भक्कम पाया आहे.

तीन, पेन्शन आधी मंजूर होती आणि नंतरच्या फेरतपासणी बोर्डाने टक्केवारी २० च्या खाली आणून बंद केली. तिथे बंद झाल्याची तारीख हाच दाव्याचा आरंभ. ७ फेब्रुवारी २००१ च्या पत्रानंतर मुदतीच्या फेरतपासण्याच काढून टाकल्या. टक्केवारी एकदा ठरली की ती अंतिम, माणसाने स्वतः मागितल्याशिवाय.

आणि कुठला नियम लागतो तेही सेवा संपल्याच्या तारखेवर ठरतं. २१ सप्टेंबर २०२३ चे नवे एंटायटलमेंट नियम त्यानंतर घरी आलेल्यांना आहेत. जुन्या प्रकरणात ते समोर आले तर तिथेच हरकत घ्या.

---

नवशिक्या_पेन्शनर

थकबाकी एकरकमी आली की इन्कम टॅक्स किती लागतो?

---

संपादक मंडळ

टॅक्ससाठी स्वतंत्र धागा आहे, तिथे विचारा. हा धागा तारखेचा आहे.

---

हवालदार_क्लार्क

निकालानंतरची तारीखही तपासावी लागते. आदेश झाला म्हणजे पैसे आले असं नाही. आधी सरकारी मंजुरीचं पत्र निघतं, मग प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयातून करेक्शन पीपीओ, मग स्पर्श या पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीतून खात्यात.

करेक्शन पीपीओ आला की आधी रकमेकडे जाऊ नका. डिसॅबिलिटी एलिमेंटच्या ओळीत 'पासून' आणि 'पर्यंत' या दोन तारखा असतात. पहिली आदेशातल्या तारखेशी अक्षरन् अक्षर जुळली पाहिजे. होणाऱ्या चुका: आदेशाचीच तारीख 'पासून' म्हणून पडते, ५० ऐवजी मूळ ३० टक्के पडतात, १ जानेवारी २०१६ च्या आधीचा आणि नंतरचा दर वेगळा न करता एकच दर लागतो, मूळ थकबाकी येते पण त्यावरचा महागाई भत्ता येत नाही. कागदावर वर्षवार दोन रकाने काढा, मूळ आणि भत्ता, आणि बँकेच्या जमा रकमेशी ताडून पाहा.

अनेक आदेशांत अंमलबजावणीची मुदत असते आणि ती ओलांडली तर व्याज. ती मुदत आदेशाची प्रमाणित प्रत मिळाल्यापासून मोजतात. म्हणून प्रत स्वतः रेकॉर्ड ऑफिसला पाठवून पोच घ्या. वकिलांनी पाठवली असेल या भरवशावर राहिलं की व्याजाचं घड्याळ सुरूच होत नाही. मुदत उलटली की त्याच न्यायाधिकरणात अंमलबजावणीचा अर्ज.

---

कोल्हापुरी_दणका

वकिलाची फी परवडत नसेल त्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. जुलै २०२५ मध्ये नालसाची (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची) वीर परिवार सहाय्यता योजना सुरू झाली आहे, सैनिक मंडळांत मोफत कायदेशीर मदतीची केंद्रं त्यातच आहेत. आणि एएफटीत स्वतः उभं राहायलाही मनाई नाही.

---

माणदेशी

सगळ्यांचे आभार. म्हणजे माझ्या उदाहरणात पदरात पडणार जानेवारी २०२१ पासूनचं. पण अर्जात मागायला हवं होतं सगळं, आणि अपील करायला हवं होतं २०१२ लाच. शेजारच्या गावात असंच एक ताजं प्रकरण आहे, त्याचा मसुदा आज करतोय. मागणीत लिहितो: 'दिनांक ३१ मे २०२४ पासून डिसॅबिलिटी एलिमेंट ५० टक्के दराने…'

---

हवालदार_क्लार्क

थांबा. ३१ मे सेवेचा शेवटचा दिवस ना? त्या दिवसाचा पगार मिळालाय. १ जून लिहा. नाहीतर तेवढ्या एका दिवसासाठी फाइल प्रयागराजहून परत येईल.

---

माणदेशी

बदललं. आणि त्याच्या पहिल्या अपिलाची पोच १८ नोव्हेंबरची आहे, १८ मेच्या पानावर खूण केली.